मुदतीआधी सुटलेल्याला कामावर घेऊ का?

छापखानेवाला:
कटिंग मशीनवर माणूस हवा होता. परवा एकजण आला, हात अगदी सराईत. कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, "आत." तुरुंगाच्या छापखान्यात नऊ वर्षं. हाणामारीत माणूस मेला होता. चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून मुदतीआधी सुटलाय. सगळं स्वतःहून सांगितलं. पंचाईत अशी की अशा सुटकेची बातमी आली की सगळ्यात मोठ्याने ओरडणारा मीच. "शिक्षेत डिस्काउंट कसला?" हे माझंच वाक्य. तो डिस्काउंट आता समोर स्टुलावर बसलाय. घरचे नको म्हणतात. तुम्ही काय कराल?

जुना मास्तर:
मी अकरा वर्षं कैद्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. तुमचा राग नेमका कशावर आहे? वागणूक आणि कामाबद्दल मिळालेली सूट वेगळी, आणि तुरुंगात जागा नाही म्हणून सोडणं वेगळं. इंग्लंड-वेल्समध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये निम्मी शिक्षा भोगून सुटणाऱ्या बऱ्याच जणांना ४० टक्क्यांवरच सोडलं. पहिल्याच दिवशी साधारण १,७०० जण. कोण सुधारलं हा प्रश्नच नव्हता, कोठड्या भरल्या होत्या. लोक चिडणारच! पण त्याचं खापर तुमच्या कटिंगवाल्यावर फुटतं.

आणि शेवटचा दिवस भरून आलेल्यावर बऱ्याच ठिकाणी कुणाची नजर नसते. अटींवर सुटलेल्याला निदान हजेरी असते, अट मोडली की परत आत. मला शेजारी दुसराच परवडेल.

हो, सुरुवातीला तो दारापाशी नुसताच उभा राहील. उर्मट समजू नका. इतकी वर्षं दार दुसऱ्यानेच उघडलंय.

थोरली:
"हाणामारीत माणूस मेला होता" हे तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलंत. माझा भाऊ असाच गेला. त्याला मारणारा दोन वर्षं आधी सुटला, ते आम्हाला कधी कळलं? आई बस स्टॉपवर उभी होती आणि तो समोर आला तेव्हा. कुणी साधा फोन केला नव्हता. सुटण्यापेक्षा त्याचाच संताप जास्त. कामावर घ्या, नाही म्हणत नाही. फक्त त्याला "झालं गेलं विसर" म्हणू नका. ते म्हणायचा हक्क तुम्हाला नाही.

वाचक:
कॅनडात १९८० च्या दशकात डूब आणि रॉबर्ट्स या संशोधकांनी एकाच खटल्याची पेपरातली बातमी काहींना दिली, कोर्टातल्या माहितीचा गोषवारा काहींना. शिक्षा तीच. बातमी वाचणाऱ्यांना ती कमी वाटली, गोषवारा वाचणाऱ्यांना तितकी नाही. तुम्ही आजवर बातम्याच वाचत आलात. त्याचे सुटकेचे कागद मागा.

छापखानेवाला:
कागद पाहिले. थोरलीताई, बरोबर बोललात. मेलेल्याचं नाव मी विचारलंच नव्हतं, काल विचारलं. त्याने आडनावासकट सांगितलं आणि मग बराच वेळ कागदाचे गठ्ठे सरळ करत बसला.

सोमवारपासून येतोय. घरी अजून बोललो नाही. दर गुरुवारी हजेरीला जायचं, म्हणजे अर्धा दिवस जाणार. मास्तर, त्याचे पैसे कापायचे असतात का हो?