प्रतिसाद: खाऱ्या चिखलात नत्र कुठून येतं?

खारफुटीच्या चिखलात भरतीच्या पाण्याबरोबरच सगळी पोषकद्रव्यं येतात, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. काही कारभार मुळांपाशीच चालतो. तमिळनाडूत चिदंबरमजवळच्या पिचावरम खारफुटीत एक रानटी भात वाढतो, पोर्टेरेशिया कोआर्क्टाटा. त्याच्या मुळांतून, खोडातून आणि मुळांलगतच्या मातीतून वेगळा काढलेला जिवाणू 2004 मध्ये नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला: स्वामिनाथानिया सॅलिटोलेरन्स. होय, कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्यावरूनच!

हा जिवाणू हवेतलं नत्र स्थिर करतो, म्हणजे झाडांना वापरता येईल अशा रूपात आणतो, न विरघळणारा स्फुरद (फॉस्फरस) विरघळवतो आणि 3 टक्के मिठातही वाढतो. समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्के खारट असतं, म्हणजे बघा. गंमत अशी की हा ॲसिटिक आम्ल जिवाणूंच्या, म्हणजे व्हिनेगर करणाऱ्यांच्या कुळातला. उसाला आपल्याकडे जे ॲसिटोबॅक्टर नावाचं जिवाणू खत देतात, तेही त्याच गोतातलं.

मात्र लगेच ‘खारजमिनीत हेच टाका’ असं कुणी म्हणू नये. प्रयोगशाळेच्या बशीत वाढणं वेगळं आणि शेतातल्या मूळच्या जिवाणूंच्या गर्दीत तग धरणं वेगळं. शिवाय तयार युरिया भरपूर मिळाला की नत्र स्थिर करणारे जिवाणू सहसा ते काम आवरतं घेतात.