चार वर्षं पूर्ण, शी मात्र अजून डायपरमध्येच

नमस्कार मंडळी,
मुलगा नुकताच ४ वर्षांचा झाला. शू आली की सांगतो, कमोडवर जातो. शी आली की डायपर मागतो आणि पडद्यामागे उभ्यानेच करतो. डायपर बंद केला तर तीन-तीन दिवस शीच करत नाही. सप्टेंबरात प्री-के (इथली बालवाडी) सुरू होतंय आणि तिथे डायपर चालत नाही. स्टिकरचा तक्ता लावून झाला. भारतातून आलेल्या आजी इसबगोल द्या म्हणतात. कुणी जाणकार सांगेल का?

---

नमस्कार,
बालरोग विभागात नर्स म्हणून सांगते: डायपर आजच परत द्या. हा हट्ट नाही, बद्धकोष्ठ आहे असं धरून चाला. एकदा खडा होऊन दुखलं की मूल पुढची शी रोखतं. टाचा उचलून, कुल्ले आवळून, सोफ्याला धरून ताठ उभं राहतं. बघणाऱ्याला वाटतं जोर करतंय, पण ते शी आत धरून ठेवत असतं. रोखलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. गुदाशय ताणला जातो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग साठलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डीला डाग पडतात. घरच्यांना वाटतं जुलाब लागले, आणि केळं-भात सुरू होतो. नेमकं उलटं!

म्हणून आधी डॉक्टरांना पोट दाखवा. इथे अमेरिकेत बहुधा मायरलॅक्स नावाची शी मऊ करणारी पूड देतात. ती शीमध्ये पाणी धरून ठेवते, शी मऊ राहते. डब्यावरचं १७ ग्रॅमचं माप १७ वर्षांपुढच्यांसाठी आहे. मुलाचा डोस वजनावरून डॉक्टरच ठरवतात. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आठ दिवसांत बरं वाटलं की पालक औषध थांबवतात. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात, तोवर रोज मऊ शी व्हायलाच हवी.

आजींचा इसबगोल वाईट नाही, पण आत गोळा साठलेला असताना नको. त्याने शीचा आकार वाढतो, आणि पाणी कमी पडलं तर आणखी अडकतं. त्याऐवजी भिजवलेल्या मनुका, प्रून, सालासकट पेअर. ४ वर्षांच्या मुलाला दिवसाला किमान ९ ग्रॅम तंतू हवेतच. वयात ५ मिळवायचे. दूध दोन-अडीच कपांवर आणा. दिवसभर दुधावर असलेलं मूल जेवतच नाही.

शीतून रक्त, फुगलेलं पोट, उलट्या, वजन न वाढणं, पाय लटपटणं, किंवा कोरडं राहणारं मूल अचानक सारखी शू करून खूप पाणी मागू लागणं, यांपैकी काही असेल तर थांबू नका. रात्री गादी ओली होणं मात्र ५ वर्षांपर्यंत सोडून द्या. त्याचा शिकवण्याशी संबंध नाही.

---

नमस्कार,
डायपर परत दिला तर सवय सुटणार कशी, असं आजींनी विचारलंय. सुटते, पायरीपायरीने. प्री-स्कूलमध्ये आम्ही असंच करतो.

शी मऊ झाल्यावर: डायपर घालायचा, पण शी बाथरूममध्येच. मग डायपर घालूनच कमोडवर बसायचं. नंतर डायपरला खाली भोक, तसंच बसायचं. शेवटी डायपर नाही. प्रत्येक पायरीवर तीन-चार दिवस सहज गेले की पुढची. अडला तर एक पायरी मागे, आणि एक शब्द रागाचा नाही.

पाय लोंबकळत असतील तर जोर लावता येत नाही. पायाखाली पाट किंवा स्टूल द्या, गुडघे कमरेच्या जरा वर यायला हवेत. वर लहान मुलांची सीट बसवा. नाश्ता आणि जेवणानंतर २०-३० मिनिटांनी बसवा, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलतं. पाच मिनिटं पुरे. साबणाचे फुगे फुंकायला द्या, फुंकताना पोट आपसूक जोर लावतं. स्टिकर द्यायचाच तर बसल्याबद्दल द्या, शी झाल्याबद्दल नको.

शाळेसाठी दोन गोष्टी. बाईंना आपले शब्द कागदावर लिहून द्या. मूल "शू" म्हणतं, बाई बुटाकडे बघतात. "शी" म्हटलं की कोण मुलगी असं विचारतात. तेवढ्यात चड्डी ओली. आणि घरी मगाने धुवायची सवय असेल तर कागदाने पुढून मागे पुसायला आत्तापासून शिकवा. आपोआप फ्लश होणाऱ्या कमोडला मुलं फार घाबरतात; सेन्सरवर चिकटणारा कागद लावून द्यायला बाईंना सांगा. पँट इलॅस्टिकची, बटण नको. दप्तरात दोन चड्ड्या, एक पँट, मोजे आणि झिपची पिशवी.