फ्री अॅप आणि वेगळं अंतर

वरती विचारलंय ना की रनिंग आणि सायकल दोन्हीसाठी एकच फ्री अॅप कुठलं, आणि दोन अॅपमधे अंतर वेगळं का येतं, तर माझा अनुभव सांगतो. नुसतं रेकॉर्डिंग करायचं असेल तर स्ट्राव्हा हे अॅप फ्रीमधे पुरतं, पण रूट आधी आखायचा म्हटलं की २०२० पासून तिथे पैसे लागतात, म्हणून रूट मी 'राइड विथ जीपीएस'च्या वेबसाइटवर आखतो, साधं प्लॅनिंग तिथे फुकट होतं.

अंतराचं म्हणाल तर बरेचदा दोष अॅपचा नसून फोनचा असतो. मागे कात्रजचा जुना घाट चढून आलो, घरी येऊन बघतो तर रूटमधे चक्क सरळ रेघ! बोगद्यात सिग्नल जातो ते ठीक, पण इथे निम्मा घाटच गायब 😀 फोनच्या बॅटरी सेव्हरने मागे चालू असलेलं अॅप झोपवलं होतं. सेटिंगमधे जाऊन त्या अॅपचं बॅटरीवरचं बंधन काढून टाका, आणि सुरू करायच्या आधी उघड्यावर मिनिटभर थांबा, बिल्डिंगच्या पार्किंगमधून स्टार्ट दाबलं तर पहिले दोनतीनशे मीटर ट्रॅक वेडावाकडाच येतो.

चढाईच्या आकड्यावर मात्र फार भांडू नका, बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची कळणारा सेन्सर) नसलेल्या फोनचा तो अंदाजच.

आणि हो, घराजवळचा भाग नकाशावर लपवायचं सेटिंग पहिल्याच दिवशी करा. २०१८ मधे स्ट्राव्हाच्या हीटमॅपवर (सगळ्यांच्या रेकॉर्डिंगचा एकत्र नकाशा) लष्करी तळ दिसले होते, आपली सोसायटी काय चीज!