मदत हवी आहे: कॅनडा स्पाउस स्पॉन्सरशिप, लग्नाची तारीख रजिस्टरची लिहायची की मंडपातली?

नमस्कार मंडळी,

नाशिकला सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. बायको कॅनडात हॅमिल्टनला असते. ती पीआर, म्हणजे तिथली कायम रहिवासी आहे आणि मला जोडीदार म्हणून तिकडे बोलावायला स्पॉन्सर करणार आहे. अर्ज अजून भरलेला नाही, कारण त्याआधीच एका तारखेवर अडलो आहोत. दोन आठवडे नीट झोप नाही. थोडं सविस्तर लिहितो, तारखा सांगितल्याशिवाय घोळ कळणार नाही.

आमचं २०२२ मध्ये जमलं. तेव्हा तिची एक्सप्रेस एंट्रीची (शिक्षण-नोकरीच्या जोरावर पीआर मिळवायची) फाइल आधीच गेलेली होती, अर्थातच 'अविवाहित' म्हणून. डिसेंबरात साखरपुडा झाला, मे २०२३ ची तारीख धरली, गंगापूर रोडला लॉन्स बुक केला, पत्रिकाही जानेवारीतच छापून आल्या. फेब्रुवारीत माझी आजी गेली. वर्षाच्या आत घरात मंगलकार्य नको, असं थोरल्या काकांनी सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. त्याच महिन्यात तिचं सीओपीआर, म्हणजे पीआर मंजूर झाल्याचं पत्र आलं. ती जाणार हे नक्की. तेव्हा सासरे म्हणाले, "निदान रजिस्टर तरी करून ठेवा, पुढे व्हिसाला कागद लागेलच."

तेराव्यानंतर आम्ही नोटीस दिली आणि २९ मार्च २०२३ ला रजिस्टर केलं. त्या दिवशी घरात गोडधोडही झालं नाही. ती मंगळसूत्राशिवाय, माहेरच्या नावाने, १४ एप्रिलला टोरंटोला उतरली. विमानतळावर अधिकाऱ्याने कुटुंबाबद्दल काहीतरी विचारलं, तिने 'बदल नाही' म्हणून सांगितलं. तिला त्यात खोटं वाटलं नाही, खरंच नाही. आमच्या दोन्ही घरांच्या लेखी लग्न अजून व्हायचं होतं. ते झालं मार्च २०२४ मध्ये, आजीचं वर्षश्राद्ध झाल्यावर. कन्यादान, सप्तपदी सगळं. फोटोही सगळे त्याच दिवसाचे.

आता आम्ही ज्या एजंटकडे गेलो तो म्हणतो, महापालिकेच्या विभागीय कार्यालयातून मार्च २०२४ च्या तारखेचं प्रमाणपत्र काढा, २०२३ चा कागद कपाटात राहू द्या, सगळे असंच करतात. फी दीड लाख, त्यातले चाळीस हजार दिलेही आहेत. माझं मन घेत नाही. ज्या अर्जात आमचा संसार खरा आहे हे पटवून द्यायचंय, त्याची पहिलीच ओळ खोटी कशी लिहू? पण खरं लिहिलं तर तिचा पीआर अडचणीत येईल का, ही भीती त्याहून मोठी आहे. मला जायला उशीर झाला तर चालेल, तिने एकटीने उभं केलेलं काही जाता कामा नये.

कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा. आणखी एक, तिचा पगार फार मोठा नाही. उत्पन्नाची अट असते का?

निफाडकर

दादा, एवढा विचार करू नका. आपल्यात लग्न म्हणजे अक्षता पडल्या ती तारीख. माझ्या मेव्हण्याच्या फाइलला फोटो, पत्रिका, आहेराची यादी असंच सगळं लावलं होतं, काही अडचण आली नाही. मंडपातली तारीख टाका आणि मोकळे व्हा.

ओंटारियोची मावशी

निफाडकर, तुम्ही चांगल्या मनाने सांगताय, पण हा सल्ला या जोडप्याला खड्ड्यात घालेल. तुमच्या मेव्हण्याला एकच तारीख होती. इथे दोन आहेत, आणि त्या दोन तारखांच्या मधे तिचं लँडिंग, म्हणजे पीआर म्हणून कॅनडात उतरणं आहे.

आधी सोपं संपवते. जोडीदाराला स्पॉन्सर करायला क्यूबेकबाहेर किमान उत्पन्नाची अट नसते. ती तीन वर्षांची हमी लिहून देते की तुमच्या गरजा ती भागवेल. अपंगत्वाखेरीज अन्य कारणाने सरकारी मदतीवर जगत नसली म्हणजे झालं. पगाराची चिंता सोडा.

आता अवघड. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत ११७(९)(डी) असं एक कलम आहे. स्पॉन्सर करणारी व्यक्ती स्वतः पीआर झाली तेव्हा तिला जोडीदार होता, पण त्याची तपासणी झाली नाही, तर तो जोडीदार पुढे 'फॅमिली क्लास'मध्ये, म्हणजे कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर करता येणाऱ्यांच्या वर्गातच बसत नाही. लग्न खरं असलं तरी नाही. आणि त्या कलमातलं 'अर्जाच्या वेळी' म्हणजे फॉर्म भरला तो दिवस नव्हे. अर्ज केल्यापासून लँडिंगपर्यंतचा सगळा काळ त्यात धरतात. म्हणून फाइल गेल्यावर लग्न झालं तरी ते विमानात बसण्याआधी कळवायचं असतं. तिने कळवलं असतं तर तुमची मेडिकल आणि पोलीस तपासणी झाली असती, तिला दोन-चार महिने थांबावं लागलं असतं, आणि आज हा प्रश्नच नसता. हे टोचायला नाही लिहीत. इथे नव्याने आलेल्या किती मुलींकडून मी हेच ऐकलंय, कारण आपल्याकडे रजिस्टरला कुणी लग्न म्हणतच नाही.

दोन गोष्टी विचारते. पासपोर्टवर बायकोचं नाव कधी घातलंत? आणि याआधी कॅनडाचा कुठला व्हिसा मागितला होता का?

वकीलताई, नाशिक

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. कॅनडाच्या कायद्याबद्दल मावशींचं ऐका, मला इकडच्या कागदाबद्दल बोलायचंय. धागाकर्ते, 'रजिस्टर केलं' म्हणजे नेमकं काय केलंत?

कारण यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक, महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेत होते ती विवाह नोंदणी. तिथे लग्न आधीच लागलेलं असतं, गुरुजींची आणि साक्षीदारांची सही असते, कार्यालय फक्त नोंद करतं. विधी न करताच असा कागद काढला असेल तर गोष्ट निराळी होते. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे विधी झाले नसतील तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही. त्या निकालात न्यायालयाने नेमकी हीच चाल बोलून दाखवली आहे, की व्हिसाच्या सोयीसाठी जोडपी आधी कागद करून ठेवतात आणि समारंभ पुढे ढकलतात.

दुसरी गोष्ट म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकारी, तीन साक्षीदार. तिथे सही होते तेच लग्न. विधी करा किंवा करू नका, त्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे ते प्रमाणपत्र लग्नाचा निर्णायक पुरावा आहे. तुम्ही 'नोटीस' हा शब्द वापरलाय, म्हणून मला काळजी वाटते. कागद काढून वरच्या दोन ओळी वाचा.

धागाकर्ता

वकीलताई, रात्रीच कपाट उघडलं. वर 'विशेष विवाह अधिनियम, १९५४' असं लिहिलंय. तीन साक्षीदारांच्या सह्या आहेत, माझे काका, सासरे आणि माझा मित्र. म्हणजे आमचं लग्न २९ मार्चलाच झालं. आईला सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली.

मावशी, तुमच्या दोन्ही प्रश्नांनी पोटात गोळा आला. पासपोर्ट संपत आला होता म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये नाशिकच्याच सेवा केंद्रात नवा काढला, त्यावर तिचं नाव आहे. आणि मे २०२४ मध्ये व्हिजिटर व्हिसा मागितला होता, तो नाकारला गेला. तो फॉर्म मी स्वतः भरला होता, एजंटशिवाय. लग्नाच्या तारखेच्या रकान्यात २९ मार्च २०२३ लिहिलंय, कारण प्रमाणपत्रावर तीच होती.

ओंटारियोची मावशी

मग एजंटची वाट तशीही बंद आहे, आणि देवाची कृपा की बंद आहे. तुमची खरी तारीख त्यांच्या फाइलमध्ये पडलेली आहे. आता दुसरी लिहिली असतीत तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० लागलं असतं, चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं बंदी. आणि तिच्यावरही ते शेकलं असतं. आज तुमच्याकडे न कळवल्याची एक चूक आहे. ती समजावून सांगता येते. ठरवून लपवणं समजावून सांगता येत नाही.

आता वाट कुठली. न कळवलेल्या कुटुंबीयांसाठी २०१९ पासून एक सवलतीचं धोरण आहे. तुम्हाला कुणीतरी ते दाखवेल, पण ते निर्वासित म्हणून आलेल्यांना आणि स्वतः कुटुंबाच्या स्पॉन्सरशिपवर आलेल्यांना आहे. एक्सप्रेस एंट्रीवाल्यांना ते लागू नाही. तुमच्यासाठी उरतं त्याच कायद्याचं कलम २५, मानवी आणि करुणेच्या कारणांवर सूट मागणं. ही मागणी अर्जासोबतच, पहिल्याच दिवशी, लेखी करायची. 'नाकारलं तर अपिलात सांगू' असं चालत नाही, कारण माणूस फॅमिली क्लासमध्ये बसत नाही असं ठरलं की अपील विभाग ही कारणं विचारातच घेऊ शकत नाही.

त्या निवेदनात रडगाणं नको, क्रम हवा. तिची निवड आणि मंजुरी लग्नाच्या आधीची आहे. लपवून तिला काही मिळालं नाही. तुमच्यावर गुन्हा नाही, तब्येत ठीक आहे, म्हणजे कळवलं असतं तरी तिला पीआर मिळालाच असता. मग घरातला मृत्यू, ठरलेली तारीख, वर्षभराचा नियम. यातल्या प्रत्येकाला कागद जोडा.

तिच्या पीआरला धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, लँडिंगला काय विचारलं आणि तिने काय उत्तर दिलं यावर ते अवलंबून आहे. म्हणून आधी तिने स्वतःची फाइल मागवावी. पीआर असल्याने माहितीच्या अधिकारात ती स्वतः अर्ज करू शकते, फी पाच डॉलर. लँडिंगच्या नोंदी हातात आल्या की त्या घेऊन इथल्या इमिग्रेशन वकिलाकडे जावं. त्याआधी एकही फॉर्म भरू नका. आणि तुमच्या त्या एजंटचं नाव कॅनडातल्या सल्लागारांच्या कॉलेजच्या यादीत शोधा, ती यादी सगळ्यांना ऑनलाइन दिसते. यादीत नाव नसेल आणि तो वकीलही नसेल, तर पैसे घेऊन हे काम करण्याचा त्याला अधिकारच नाही.

निफाडकर

मावशी, मला हे माहीत नव्हतं. दादा, माझा वरचा सल्ला सोडून द्या. तुमचे चाळीस हजार परत मिळवायला सोबत लागली तर मेसेज करा, मी येतो तुमच्याबरोबर.

वकीलताई, नाशिक

एक जोड. मार्च २०२४ चं महापालिकेचं प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर काढू नका. एकाच लग्नाला दोन तारखांची दोन प्रमाणपत्रं म्हणजे पुढे आयुष्यभर खुलासे. मंडपातलं लग्न अर्जात लपवायचं नाही, तेही सांगायचं, 'नंतर केलेला धार्मिक विधी' म्हणून.

नावाचंही बघून घ्या. तिच्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं असणार, तुमच्या घरातल्या काही कागदांवर आता तुमचं आलं असेल. सगळीकडे सारखं करायच्या घाईत राजपत्राच्या मागे लागू नका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

बायकोने माहितीचा अर्ज टाकला. हॅमिल्टनमध्येच एका वकिलाशी तिचं पहिलं बोलणं झालं आणि त्यांनीही कलम २५ च सांगितलं, नोंदी आल्यावर पुढचं ठरेल. फोनवर ती रडली, मग म्हणाली की निदान आता कुणी विचारलं तर एकच उत्तर द्यायचं आहे. एजंटचं नाव त्या यादीत नाही. निफाडकर खरंच आले होते सोबत, कागद परत मिळाले, पैशांपैकी वीस हजार मिळाले.

आता कागद जमवतोय. आजीचा मृत्यू दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत आहे. लॉन्स रद्द केल्याची पावती आणि लग्नपत्रिका मराठीत आहेत, त्यांचं भाषांतर करून घ्यायचंय. घरातल्या कुणी केलेलं चालत नाही असं वकिलांनी सांगितलं, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्रही लागेल. नाशिकमध्ये असं काम करणारं कुणी असेल तर कळवा.

पत्रिकेचं विचारलं तर आईने माळ्यावरून खोकंच काढून दिलं. मे २०२३ ची तारीख छापलेल्या तीनशे पत्रिका, न वाटलेल्या. वरच्या एकीवर हळदकुंकू लावलेलं आहे. ती वणीला गडावर देवीपुढे ठेवायची म्हणून आजीने स्वतः बाजूला काढली होती. वकिलांना पाठवायला मी खालची एक घेतली.