येशूचं नावच ऐकलं नाही त्यांच्या तारणाचं (पापातून सुटकेचं) काय?

कोपरीकर: आमच्या घरात पहिले ख्रिस्ती माझे वडील. पणजी वारकरी, तिने येशूचं नाव कधी ऐकलंच नाही. बायबलमधल्या योहान १४:६ प्रमाणे येशूशिवाय पित्याकडे कोणी जात नाही, मग ती तारणाबाहेरच का? मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) बसलो की हेच डोक्यात येतं, प्लीज नीट सांगा.

वाशीवाला: दादा हा प्रश्न फार जुना आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहिलं की ख्रिस्त म्हणजे देवाचा शब्द आणि त्यात सगळ्या माणसांचा वाटा, म्हणून सॉक्रेटिससारखे जे त्या शब्दाप्रमाणे जगले ते पण ख्रिस्ताचेच. आणि १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या सभेने) स्पष्ट सांगितलं, ज्यांना स्वतःचा दोष नसताना सुवार्ता (येशूचा संदेश) कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात त्यांना तारण मिळू शकतं. कृपा मात्र ख्रिस्ताचीच हां.

ऐरोली_सेक्टर८: मी प्रोटेस्टंट, मला इतकं सरळ नाही वाटत. नुसत्या चांगुलपणाने भागत असेल तर येशूचं क्रूसावरचं मरण कशाला? मध्ययुगातला ख्रिस्ती विचारवंत अन्सेल्म याचं म्हणणं हेच की पापाचं देणं माणसाचं, पण फेडू शकतो फक्त देव, म्हणून देव माणूस झाला. पण बायबलमधला अब्राहाम तर येशूच्या कितीतरी आधीचा ना, तरी प्रेषित पौल म्हणतो त्याचा विश्वासच नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, म्हणजे क्रूस मागच्या काळालाही पोचतो. पणजीचा न्याय देवावर सोडा, तो दयाळू आहे.

कोपरीकर: अब्राहामाचं लक्षातच आलं नव्हतं. पणजी रोज हरिपाठ म्हणायची असं पप्पा सांगतात, रविवारी फादरना हे पण विचारतो.