गॅस आला, खातं आलं, म्हणून गरिबी गेली?
गॅस, वीज, बँक खातं आलं की माणूस गरिबीतून बाहेर पडला, हा मुद्दा मला पटत नाही. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात, म्हणजे आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांवरून गरिबी मोजण्याच्या मापात, असे 12 निकष आहेत. ते हवेतच. पण घरात महिन्याला किती पैसे येतात, हे त्यात कुठेच मोजलेलं नाही!

आमच्या सोलापुरात पूर्वभागात बघा. बाई कारखान्यातून पान-तंबाखू आणते, घरी बसून विड्या वळते, मजुरी दर हजार विड्यांमागे. तपासणीत खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. पान फाटकं निघालं तर हजार पुरा करायला पदरचे पैसे घालून पान आणायचं. या बाईचं खातं आहे, गॅसही आहे. सिलिंडर भरायला पैसे आहेत का, हे कोण मोजणार?

दारिद्र्यरेषाही जुनीच. ही रेषा ठरवणाऱ्या तज्ज्ञ समित्यांपैकी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साठी शहरात माणशी महिना खर्च 1000 रुपये, रंगराजन समितीने 1407 धरला. पिवळ्या रेशनकार्डासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा तर वर्षाला 15,000! एवढ्यात सोलापुरात खोलीभाडं तरी भागेल का? निर्देशांक राहू द्या, पण खर्चावर आधारलेली रेषा आजच्या भावाने नव्याने आखायलाच हवी.