जोड, जोडी आणि जोडा

प्रश्न : नागपूरच्या इतवारीतील एका दुकानात मी वहाणांचा ‘एक जोड’ मागितला, तेव्हा दुकानदाराने ‘जोडा म्हणा, जोड म्हणजे सांधा’ अशी दुरुस्ती केली. ती बरोबर आहे काय?

प्रतिसाद १ : अर्धीच. ‘जोड’ म्हणजे सांधा खरा, परंतु कुस्तीत तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यालाही जोड म्हणतात, आणि ‘शेतीला दुधाची जोड’ असे म्हणताना पूरकता अभिप्रेत असते. ‘जोडा’ म्हणजे पादत्राण आणि दांपत्यही; म्हणूनच ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ हे कौतुक ठरते, तर ‘जोडा चावतो’ ही तक्रार.

प्रतिसाद २ : आमच्या विदर्भात शंकरपटात धावणाऱ्या दोन बैलांना मात्र ‘जोडी’च म्हणतात, तेथे ‘जोडा’ म्हणून पाहावे, लोक हसतील!

प्रतिसाद ३ : समासात ‘जोड’च टिकतो : जोडाक्षर, जोडधंदा, जोडशब्द. नागपुरातील सीताबर्डीचा किल्ला मोठ्या व लहान अशा दोन लगतच्या टेकड्यांवर आहे, त्यांना जोडटेकड्या म्हणणे मला रास्त वाटते. ‘जुळ्या’ म्हणू नये, कारण त्या सारख्या उंचीच्या नाहीत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. वहाणा मात्र ‘जोडा’ म्हणूनच घेतल्या.